चालणं बाराव्या दिवशी बंद पडतं? बिघाड सकाळी शोधू नका

गुढीपाडव्याला सुरू केलेलं चालणं हनुमान जयंतीच्या आत बंद. १ जानेवारीचं फार तर संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. दसऱ्याला सोनं वाटता वाटता केलेला संकल्प तर कोजागरीच्या दुधातच बुडाला होता. माझ्या घरातल्या जुन्या कॅलेंडरांवरून सांगते, सरासरी बारावा दिवस.

हा बिघाड मी स्वतःचा सहा-सात वेळा दुरुस्त केलाय. आमच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यातल्या पाच जणींचा केलाय, एकदा नवऱ्याचा आणि एकदा धाकट्या भावाचा. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब बघते. पण एकच मिक्सर दहा वेळा उघडून बसवला की कुठला स्क्रू आधी ढिला होतो ते हाताला कळायला लागतं, तसं झालंय.

लक्षणं

यातली तीन-चार जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- पहिले चार-पाच दिवस गजराच्या आधी जाग येते. नवव्या-दहाव्या दिवसापासून गजर आपणच बंद केला हेही आठवत नाही.
- चालून आल्यावर तरतरी यायच्या ऐवजी अकरा वाजता ऑफिसात डोळे मिटायला लागतात. परतीच्या गाडीत बसायला मिळालं की कल्याणनंतरची स्टेशनं दिसतच नाहीत.
- संध्याकाळी सहा ते आठ या वेळात हाताला लागेल ते तोंडात जातं.
- रविवारी दहापर्यंत झोप, रात्री एकपर्यंत जाग, सोमवारी सगळं ठप्प.
- एक दिवस चुकला की "आता पुढच्या सोमवारपासूनच" असं ठरतं.
- घरचे म्हणतात, आळशीपणा आहे. आपल्यालाही ते पटतं.

हे शेवटचं मात्र खोटं. आळशी माणूस गजर लावतच नाही. पहाटे पावणेपाचला उठून बारा दिवस चाललेल्या बाईला आळशी म्हणणं म्हणजे फ्यूज उडाला म्हणून पंख्याला शिव्या घालणं. पंखा ठीक आहे. तार मागे, आदल्या संध्याकाळी कुठेतरी तुटलेली असते. म्हणून खालच्या तपासण्यांत सकाळ फार उशिरा येते.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. उड्या मारू नका. पहिल्या तीनमध्येच काम होणाऱ्या बऱ्याच जणी मी पाहिल्यात.

१. दुधाच्या कॅलेंडरवर स्वतःचे खाडे मांडा (खर्च शून्य)

दूध नाही घेतलं त्या दिवशी आपण कॅलेंडरवर "खाडा" लिहितो ना, तसाच आपला खाडा लिहायचा. त्यासोबत प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने तीन वेळा लिहा: शेवटचा घास किती वाजता, दिवा किती वाजता बंद, जाग किती वाजता. बाकी काही नको. कॅलरी नको, वजन नको, ॲप तर नकोच, कारण ते बघायला फोन हातात घ्यावा लागतो.

आठवड्याने वजाबाकी करा. माझी पहिली वजाबाकी अशी होती: दिवा बंद १२.१०, जाग ४.४५. साडेचार तास! मला वाटत होतं मी सहा तास झोपते. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. साडेचार तासांवर शरीर दहा-बारा दिवस उसनं काढून चालतं आणि मग वसुलीला येतं. बारावा दिवस म्हणजे तीच वसुली.

आता नियम. एक खाडा आला तर काहीही करायचं नाही, दुसऱ्या दिवशी चालायला जायचं. लागोपाठ दोन आले तर आदल्या दोन रात्रींचे चौकोन वाचायचे. एका खाड्याने सगळं वाया जात नाही, हे मी मनाचं सांगत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास छापला होता. त्यात एखादी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला, मधला आकडा ६६ होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. "एकवीस दिवसांत सवय लागते" हे जे जो तो सांगतो ते विसरा. त्या हिशेबाने बाविसाव्या दिवशीही जड वाटलं की माणूस स्वतःलाच नापास करतो.

२. शेवटचा चहा किती वाजता? (खर्च शून्य, उलट पैसे वाचतात)

पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. ऑफिसातून निघताना साडेपाचचा कटिंग आणि घरी आल्यावर आठला सासूबाईंबरोबर अर्धा कप, असं असेल तर अकरा वाजता अंथरुणावर पडूनही चहा जागाच. "मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपते" असं म्हणणाऱ्या खूप. झोप लागते, पण ती उथळ असते आणि तीनला जाग येते.

शेवटचा चहा साडेतीनच्या आत आणा. एकदम तोडू नका, डोकं दुखेल. आठचा आधी काढा, चार दिवसांनी साडेपाचचा. सासूबाईंना सोबत हवी असते, चहा नव्हे. मी कपात गरम पाणी आणि गवती चहाच्या दोन पात्या घेऊन बसते. पहिल्या दिवशी त्या कपात डोकावून म्हणाल्या, "हे काय, काढा? बरं नाही का?" आता त्याही तेच घेतात.

३. पाच वाजताची भूक (खर्च आठवड्याला एका वडापावापेक्षा जास्त नाही)

दुपारचा डबा एक वाजता. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहा. मधे साडेआठ तास. कुणाचाही निश्चय साडेआठ तास उपाशी टिकत नाही. मग प्लॅटफॉर्मवरचा वडापाव, नाहीतर घरी आल्यावर भाजी फोडणीला टाकता टाकता उभ्याउभ्या फरसाणाच्या डब्यात हात. हे खाणं मोजलंच जात नाही, कारण आपण बसून खाल्लेलं नसतं. वर जेवण ते जेवण. पोट जड, झोप लांबते, सकाळ गेली.

उपाय डबीएवढा. स्टीलची छोटी डबी, त्यात मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे. गाडी दादर सोडते तेव्हा आमच्या डब्यात एकदम चार-पाच डब्या उघडतात. एक जण मोड आलेली मटकी वाफवून, वर लिंबू पिळून आणते. तिची डबी आधी संपते आणि निम्मी आमच्या पोटात जाते.

फुटाणेच का, बिस्किटं का नाहीत? प्रथिनांसाठी. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा, रात्री वरणाचं पाणी आणि भात, यात ती भरत नाहीत. मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात. बिस्किटांनी भूक तासाभरासाठी गप्प बसते आणि ठाण्याच्या पुढे परत बोलायला लागते.

४. फोन हॉलमध्ये, घड्याळ उशाशी (खर्च अडीचशे रुपये)

गजरासाठी फोन उशाशी, आणि फोन उशाशी म्हणून बारा. हे कोडं सोडवायला मी सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणलं, अडीचशेच्या आसपास मिळालं. चार्जर हॉलमधल्या टीव्हीमागे कायमचा लावून टाकला. वायर आखूड आहे, मुद्दाम लांब घेतली नाही.

इथे बहुतेक जणी एक चूक करतात: झोपायची वेळ ठरवतात. ती आपल्या हातात नसते, झोप बोलावून येत नाही. उठायची वेळ हातात असते. ती रविवार धरून एकच ठेवा, फार तर तासाभराचा फरक. उठल्यावर पाच मिनिटं गॅलरीत उजेडात उभं राहा. आठ-दहा दिवसांत झोप आपोआप अलीकडे सरकते. रविवारी दहापर्यंत ताणून दिलं तर रात्री झोप लागणार नाही आणि सोमवारचा खाडा तुम्ही रविवारीच लिहून ठेवला असं समजा.

५. चालणं पहाटेच कशाला?

हे लिहायला मला सर्वांत जास्त वर्षं लागली. पहाटे उठून फिरायला जाणारी माणसं गुणी, अशी आपली शिकवण. पण वजाबाकीत सहा तासांपेक्षा कमी झोप येत असेल तर पहाटेचं चालणं बंद करा. झोप कापून व्यायाम करू नका. तसं केलं की दिवसभर गोड-तळकट खावंसं वाटतं आणि एका सवयीसाठी बाकीच्या दोन मोडतात.

मग चालायचं कधी? माझं उत्तर सीएसएमटीबाहेर होतं. तिथून ऑफिसपर्यंत मी वर्षानुवर्षं बसची वाट बघत उभी राहिले. पायी ते अंतर बारा-पंधरा मिनिटांचं. जाताना पंधरा, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस: दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यातलं कमीतकमी माझं रस्त्यातच निघालं. मात्र चाल अशी हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. खिडक्यांतले ड्रेस बघत रमतगमत गेलात तर ते चालणं नव्हे, खरेदी.

दुसरं, डोस. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर चालणारीला तिसऱ्या दिवशी पोटऱ्या सोडत नाहीत. दहा मिनिटांपासून सुरू करा, आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही मोजले जातात. आठवड्यातून दोनदा ताकदीचं काही करा. भिंतीला हात टेकून पुढे-मागे, खुर्चीवरून हात न लावता उठबस, दहा-दहा वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं.

पावसाळ्याची सोय मेमध्येच करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बदलापुरात छत्री उलटी होते आणि त्याबरोबर नियमही. पाऊस असेल त्या दिवशी काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं: सोसायटीचा जिना, स्टिल्टमधल्या पार्किंगमध्ये फेऱ्या, नाहीतर घरातल्या घरात. आणि बूट खरंच झिजलेत का बघा. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर पातळ चपला घालून रेटू नका.

शतपावलीला कुणी व्यायामात धरत नाही. धरा. जेवणानंतर दहा मिनिटं सावकाश चाललं तर जेवणाने वाढणारी साखर कमी चढते. आजी लोक हे साखर मोजायचं यंत्र घरात नसताना सांगत होत्या.

६. रात्रीचं जेवण (पैसे लागत नाहीत, पण सर्वांत महाग)

वरचं सगळं करूनही खाडे येत असतील तर दोष बहुतेक इथे आहे. मी याला मेन स्विच म्हणते. हा एकटीने हलत नाही, म्हणून इतका खाली.

आमच्याकडे हे साडेनऊला येतात. ते आल्यावर पोळ्या, दहाला पानं, पावणेअकराला ओटा, मग विरजण, मटकी भिजवणं, उद्याची भाजी निवडून ठेवणं. साडेअकराला पाठ टेकायची, तीही भरल्या पोटाने. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत, नाहीतर आडवं झालं की आंबट घशाशी येतं. आमच्या घरात ते दोन-तीन तास कुठून आणायचे, हे गणित मी चार वर्षं टाळलं. कारण ते गणित नव्हतं, रीत होती. घरची बाई आधी जेवत नाही.

शेवटी कोंडी सासूबाईंनी फोडली. त्यांना साखरेच्या गोळ्या आहेत, त्यांना वेळेवर जेवावंच लागतं. एकदा मी त्यांचं पान वाढलं आणि नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तूही बस. भूक काय नवऱ्याला विचारून लागते का?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी आणि मुलगा साडेआठला जेवतो. पोळ्या आठलाच होतात, डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवते. ह्यांना चार-पाच दिवस एकट्याने जेवणं जड गेलं. मग मी पानाशी नुसती बसायला लागले, गप्पा तेवढ्याच होतात. स्वतःचं ताट आणि ओटा ते आवरतात. भांडी मी घासते तशी निघत नाहीत, आणि मी परत घासायला जात नाही. हे न जाणं शिकायला मला महिना लागला. बदल्यात रात्रीची पाऊण तास झोप मिळाली, जी कुठल्याही गोळीने मिळाली नसती.

आमच्या गटातल्या एकीला हे जमलं नाही. तिच्या घरी आठ माणसं. तिने जेवणाची वेळ न बदलता ताट उलटं केलं: जड जेवण दुपारच्या डब्यात, रात्री मुगाची खिचडी नाहीतर भाकरी आणि पालेभाजी, दोन घास कमी. तिचे खाडे महिन्याला अकरावरून पाचावर आले. पूर्ण दुरुस्ती नाही, पण चालतंय.

रात्रपाळी असेल, घरात तान्हं मूल असेल किंवा आजारी माणूस असेल तर या पोस्टमधल्या वेळा तुम्हाला लागू नाहीत. त्या काळात फक्त तिसरी तपासणी आणि शतपावली धरून ठेवा, बाकीचं नंतर.

सणासुदीचं थोडक्यात

श्रावणात उपास आणि "एकादशी, दुप्पट खाशी". साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीत दाण्याचं कूट हात सैल सोडून घाला, सोबत दही घ्या. गणपतीचे दिवस आणि दिवाळी या काळात नवं काही सुरू करू नका आणि आहे ते बंदही करू नका, दहा मिनिटांवर आणा.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आमच्यातली एक चारदा सुरू करून चारदा थांबली. मी तिला चहा बदलायला लावला, जेवण बदलायला लावलं, घड्याळ तर माझ्याच पैशाने आणलं. ती आठ तास झोपून थकलेलीच. दादरचा जिना चढताना मधे थांबायची. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. बाईचं बाराच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ही अपवाद नव्हे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियात निघाल्या. तिला पाळीत खूप रक्तस्राव व्हायचा, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उपचार झाले, चार महिन्यांनी चालणं आपोआप टिकलं. मी तिच्या सवयी दुरुस्त करत बसले होते आणि दोष रक्तात होता.

म्हणून खालचं काही असेल तर तपासण्यांचा खेळ थांबवा.

- सात-आठ तास झोपूनही दोन-तीन आठवडे थकवा जात नाही. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी १२ बघतील. शाकाहारी घरात बी १२ कमी निघणं नवल नाही. गोळ्या मात्र रिपोर्टनंतर, मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नाही.
- मोठं घोरणं, घोरता घोरता श्वास थांबतो, गुदमरून जाग येते, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो. हे स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. हा स्लीप ॲप्निया असू शकतो, त्याची झोपेतली तपासणी असते. माझ्या भावाचा बिघाड हाच निघाला. दोन महिने मी त्याला "लवकर झोप" सांगत होते!
- आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, आणि असं तीन महिने चाललंय. यावर गोळ्यांच्या आधी बोलण्याची, सवयी बदलण्याची शास्त्रशुद्ध उपचारपद्धत आहे, ती विचारा.
- दोन आठवडे उदास, कशात रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन नको ते विचार. ही शिस्तीची बाब नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी विचारा, नंतर नाही.
- चालताना छातीवर दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारं दुखणं, घाम फुटणं, चक्कर: तिथेच बसा आणि थेट दवाखाना. "ॲसिडिटी असेल" म्हणत घरी येऊ नका. बायकांमध्ये कधी कधी नुसती धाप आणि मळमळ असते.

माझं सध्याचं: या महिन्यात चार खाडे, त्यातले दोन लागोपाठ. चौकोन वाचले. भाचीच्या हळदीला रात्री अकराला जेवलो होतो आणि वर दोन वेळा चहा. कारण सापडलं म्हणून पुढचं काही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सीएसएमटीला उतरले, बसच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागले.